गेटजवळचा बहावा आणि ताम्हण

बहाव्याला मीठ मीच घातलं. खत म्हणून घातलं, पण बहाव्याला हे समजावून सांगायची काही सोय नसते.

झालं असं, की आमच्या सोसायटीतल्या कृष्णकांतकाकांनी मला बोईसरच्या बाजारातून सुक्या मासळीचा चुरा आणायला सांगितला. घिवलीला त्यांच्या वाडीत चिकूला, नारळाला तेच खत घालायचे. अट एवढीच, की मासळी बिनमिठाची हवी, जवळा नाहीतर बोंबलाची मुंडकी. आणि खात्रीसाठी चिमूटभर जिभेवर ठेवून बघायची. मी बी.कॉम. झालेला माणूस, गेटवर झेरॉक्सचं दुकान चालवतो. भर बाजारात खत चाखणं माझ्या शिक्षणात बसत नव्हतं. सुकी मासळी विकणाऱ्या काशीबाईने पाटीखालचा चुरा पोत्यात भरला, "ने, कोन खात नाय हा," म्हणाली, आणि मी तो स्कूटरवर टाकून आणला.

"चाखलास ना, पन्या?" काकांनी विचारलं.

"हो."

"वास कसा हाय?"

"भयंकर."

"मग ब्येस," म्हणाले, आणि दोन्ही झाडांच्या बुंध्याभोवती गोल आळं करून चुरा मातीत कालवला.

काकांना स्वतःला वास येत नाही. सगळी नोकरी त्यांनी तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत केली. निवृत्तीला कंपनीने घड्याळ दिलं आणि नाक ठेवून घेतलं, असं तेच हसत सांगतात. घिवलीची वाडी भावांनी विकायला काढली तेव्हा काका सेकंड शिफ्टला होते. गेटपास काढून गेले, सही केली, शिफ्ट संपायच्या आत परत येऊन मशीनवर उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांच्या नावावर दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, माती नाही. गॅलरीत कुंड्या ठेवल्या, तर खालच्यांनी गळतीची तक्रार केली.

राहिली होती ती गेटजवळची पट्टी. तिथे गाड्या लावायला पेव्हर ब्लॉक टाकायचं सेक्रेटरी धीरजच्या मनात होतं. काका भर मीटिंगमध्ये उठले आणि मला दोन झाडं लावू द्या, म्हणाले. बरीच हुज्जत झाल्यावर धीरजने अट घातली, की दिवाळीला दोन्ही झाडं हिरवीगार दिसली तर पट्टी झाडांची, नाहीतर गाड्यांची. "तीन वर्षांत बहावा फुलतो का नाय बघा!" काकांनी जाहीर केलं. बहाव्याला फुलायला त्याच्या दुप्पट वर्षं सहज लागतात, हे नर्सरीवाल्याने आम्हाला नंतर सांगितलं. काकांनी ती माहिती मीटिंगपर्यंत पोहोचू दिली नाही.

पाऊस लागताच झाडं लागली. काका दुकानासमोर खुर्ची टाकून बसत आणि झेरॉक्सला आलेल्या माणसाला, त्याने विचारलेलं नसलं तरी, सांगत.

"ताम्हण वहाळाच्या काठचा. पाय ओले असले की खूश. उन्हाळ्यात त्याला पानी तोडायचं नाय. आनि बहावा कोरड्यातला. पानी दे, पन हात आखडून दे. बुडाशी तळं साचलं की कुजला. ताम्हण उपटून दुसरीकडं लावला तर चार पानं टाकील, रुसंल, परत उभा राहील. बहाव्याचा मूळ सरळ खाली जातो. एकदा गेला, की त्याला हलवायचं नाव काढू नको."

"आणि फूल?" एखादा अडकलेला माणूस विचारी.

"दोघांना वैशाखाच्या उन्हातच मस्ती येते. हा पिवळा, तो जांभळा."

श्रावणात बहाव्यावर हिरव्या अळ्या पडल्या. ताम्हणाच्या थोराड पानांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. काका बोटांनी एकेक अळी वेचत. जयवंतीकाकू वरून ओरडे, "घरातला तांदूळ कधी निवडलास नाय, आनि अळ्या निवडतो!"

मी एकदा काकूला म्हटलं, "काकू, तुम्ही ताम्हण. सफाळ्याहून घिवलीला नेलं, घिवलीहून बोईसरला आणलं, तरी जगलात."

"आनि हा?" तिने काकांकडे हनुवटी केली.

काकांनी उगाच खुर्ची सावलीत सरकवली.

खत पडलं ते पितृपक्षात, पाऊस ओसरत असताना. सर्वपित्रीच्या सुमारास बहाव्याच्या पानांच्या कडा विडीने चटका दिल्यासारख्या तपकिरी झाल्या. ताम्हणाच्याही झाल्या, पण थोड्या. आळ्यातली माती वरून पांढुरकी दिसायला लागली. काका उकिडवे बसले, चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकले.

"पन्या, तू चाखला नव्हतास."

"नाही, काका."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आळ्यातली माती बोटाने उकरून पाहिली. मग म्हणाले, "मीठ धुवायचं तर पानी ओताया पायजे. आनि ओतलं तर हा बुडतो."

आम्ही वरची माती काढून फेकली, बाजूने चर खणला. पण त्या पट्टीत खाली सगळा बिल्डरने टाकलेला मुरूम आणि विटांचे तुकडे. पाणी तिथून हलायचं नाव घेईना. तरीही ओतलं, कारण न ओतून करणार काय? बादल्या मी वाहिल्या. ताम्हणाने ते सगळं पाणी पिऊन टाकलं आणि दसऱ्यापर्यंत शेंड्याला नवी पानं काढली. बहावा खालून वर पिवळा पडत गेला. बुंध्याशी बोट दाबलं की साल ओल्या पुठ्ठ्यासारखी दबायची.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मी सुचवलं, "बेटेगावच्या रस्त्याला बहाव्याची झाडं आहेत. एक फांदी आणून बांधू का? धीरजला लांबून काय कळतंय?"

"आन," काकू म्हणाली. "पन आता तीबी चाखून आन."

काका हसले नाहीत. फांदीला हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. त्यामुळे ती आणायची राहिली.

धीरज लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आला, नवा शर्ट घालून, दोन सभासद घेऊन. बहाव्याची काडी त्याने हलवून पाहिली. ती सहज हलली.

"काका, अट दोघांची होती."

"एक हाय ना जिवंत. बघ कसा हाय."

"एका झाडासाठी अख्खी पट्टी कशी सोडू? लोक मला फाडून खातील."

"पानी मी घालतो. सोसायटीचं काय जातं?"

"जागा जाते, काका," धीरज अगदी मऊ आवाजात म्हणाला.

ब्लॉक टाकणारे भाऊबीज झाल्यावर आले. ते फावडी उतरवत होते तेवढ्यात काकांनी ताम्हण मुळांच्या मातीसकट काढून पोत्यात बांधला. कामगारांतला एक जण म्हणाला, "चाचा, हम निकाल देते." काकांनी त्याला हात लावू दिला नाही. बहाव्याला खणावं लागलं नाही, तो हाताने आला.

पोतं त्यांनी माझ्या दुकानामागे आणून ठेवलं. "पन्या, याला एक खड्डा बघ. हातभर खोल. तुला लोक ओळखतात."

"या आठवड्यात करतो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

शाळेत विचारलं, तर त्यांचं कुंपण रुंद व्हायचं आहे. देवळाच्या ट्रस्टींना ताम्हणात देवाचं काही दिसलं नाही. कंपनीच्या हिरव्या पट्ट्यात झाड लावायचं काम ठेकेदाराकडे आहे, आणि ठेकेदार फुकटचं झाड घेत नाही. बेटेगावला मामाची जमीन आहे, पण तिचे प्लॉट पडतायत.

आता माघ आहे. ताम्हणाची पानं तांबूस होऊन गळून गेली. थंडीत ती गळतातच, असं काका सांगायचे. पोत्यात नुसती काडी उभी आहे. काका दोन-चार दिवसांनी येतात, नखाने साल खरवडतात. आधी शेंड्याशी हिरवं दिसायचं, मग मधे दिसायला लागलं, आता बुडाशी वाकून शोधावं लागतं. पट्टीवर धीरजची आणि आणखी तिघांची गाडी असते. खुर्ची टाकायला जागा नाही, त्यामुळे झेरॉक्सला आलेला माणूस आता लवकर सुटतो.

"खड्डा?" काका जाताना विचारतात.

"या आठवड्यात."

काल ते आले, साल खरवडली, नख धोतराला पुसलं आणि खड्ड्याचं न विचारताच जिना चढून गेले. मी मशीनमध्ये कागद भरत होतो. खड्डा अजून खणलेला नाही.