गाडी ओली हाय

आमचे अण्णा कधी खोटं बोलले नाहीत, असं मी म्हणणार नाही. हंगामात ते रोज खोटं बोलायचे, तेही ड्युटीवर आणि चारचौघांसमोर.

बीडजवळच्या एका जिनिंग फॅक्टरीत माझे वडील काट्यावरचे कारकून म्हणून लागले आणि मॅनेजर होऊन निवृत्त झाले. दिवाळी झाली की कापसाच्या बैलगाड्यांची रांग पार पालीच्या रस्त्याला लागायची. मॅनेजर झाल्यावरही अण्णा स्वतः प्रत्येक गाडीपाशी जायचे, बाही वर सारायचे आणि कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचे. वजन वाढावं म्हणून आतून पाणी मारायची खोड काहीजणांना होती. असा कापूस ढिगात तापतो, पिवळा पडतो आणि शेजारचा चांगलाही नासवतो. त्यामुळं गाडी परत पाठवावीच लागायची. पण "पाणी मारलंय" हे अण्णांच्या तोंडून कधी निघालं नाही. हात बाहेर काढून, समोरच्याच्या तोंडाकडं न बघता आभाळाकडं बघत ते हळू म्हणायचे, "गाडी ओली हाय. दहिवर लई पडलं वाटतं. वाळवून आणा."

भर दुपारी दहिवर, म्हणजे दंव! कारकून मंडळी तोंडात रुमाल कोंबून हसायची.

बरं, एवढ्यावर भागत नसे. परत चाललेल्या त्या गाडीवाल्याला ते म्हणायचे, "जेवून जा." फॅक्टरीच्या आवारातच आमचं क्वार्टर होतं. भाकरी थापायला बसताना आई विचारायची, "आज दहिवर किती पडणार हाय?" अण्णा गालात हसायचे. दुपारी नळावर हातपाय धुऊन ते ओसरीत त्या माणसाच्या पंगतीला बसायचे. भुवयांत रुई अडकलेली असायची, आणि आई टॉवेलाच्या टोकानं ती झटकायची. हंगाम कितीही जोरात असो, दुपारचं जेवण घरी आणि सकाळी माझी वेणी त्यांच्या हातची, यात कधी खाडा झाला नाही.

मी लहानपणापासून तिखट. एकदा वेणी घालून घेता घेता मी त्यांना धरलं. "पाणी मारलं तर मारलं म्हणा की. कावून म्हणत न्हाई?"

"त्याला बी घरी जायचंय, माय," अण्णा केसांचा गुंता सोडवत म्हणाले. "घरी लेकरं वाट बघत असतेत. कमीपणा घिऊन कसा जाईल त्यो?"

मला काही ते पटलं नाही. पुढं शाळेत शिकवायला लागले तेव्हाही मी चोराला चोरच म्हणत आले, आणि वर त्याचा अभिमान बाळगला.

अण्णा निवृत्त झाल्यावर आम्ही बीडातल्या घरात राहायला आलो. तिथं आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं सगळं अण्णांनी केलं. अंथरूण बदलायच्या वेळी ते मलाही खोलीत येऊ द्यायचे नाहीत. "तिला बरं वाटत न्हाई," एवढंच म्हणायचे आणि दार लोटून घ्यायचे. आई त्याच खोलीत गेली. त्यानंतर अण्णा कपिलधारलासुद्धा मुक्कामाला राहिले नाहीत. सकाळी जायचे, दर्शन घ्यायचे, संध्याकाळी घरात.

गेल्या वर्षी वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते पडले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन घरी आले, पण बोलणं तुटक झालं. मला कधी नेहमीसारखं माय म्हणायचे, कधी माझी आईच समजायचे. सकाळी सहा वाजता आतून आवाज यायचा, "गाडी ओली हाय. परत पाठवा."

मी चहाचं आधण ठेवता ठेवता स्वयंपाकघरातून ओरडायची, "पाठवली हो, साहेब!" आणि हसायची.

अण्णा मात्र चिडायचे. दुलई ओढायचे, तिच्यातला कापूस उपसायचे, तोंडाजवळ नेलेला चहा ढकलून द्यायचे. दोन महिने हे चाललं. डॉक्टर म्हणाले, वयोमानानं होतं असं. पुण्याच्या धाकट्या भावाला मी फोनवर सांगितलं, "अण्णा आता घरात नसतातच, फॅक्टरीतच असतात." त्यानं पुण्यात एक जागा बघितली. चांगली होती, दिवसरात्र नर्स असणारी. मीही सहासष्ट वर्षांची, कंबर धरलेली. मी हो म्हणाले. हे लिहिताना लाज वाटते, पण म्हणाले.

प्रश्न एकच होता, अण्णांना कळतंय का? कळत नसेल तर बीड काय आणि पुणं काय. पण कळत असेल, तर आई गेली त्या खोलीतून त्यांना उचलणं म्हणजे पाप होतं. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की कळत नाही.

भाऊ शनिवारी आला. रविवारी सकाळी त्याची गाडी दारात उभी, बॅग भरलेली. मी अण्णांच्या उशाशी कपड्यांच्या घड्या घालत होते.

"गाडी ओली हाय," अण्णा म्हणाले.

"पाठवली, अण्णा."

त्यांनी माझं मनगट धरलं. एवढा जोर त्या हातात उरला असेल असं वाटलं नव्हतं. माझा हात त्यांनी दुलईखाली नेला, चांगला कोपरापर्यंत.

ओलं होतं. डायपर भरून चादर भिजलेली, गार पडलेली. डायपर संध्याकाळी बांधलेला असायचा, आणि तो बदलायला कामाला ठेवलेल्या मावशी यायच्या नऊला. म्हणजे दोन महिने, रोज तीन-तीन तास हा माणूस आम्हाला सांगत होता, आणि मी चहा उकळत हसत होते.

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, वर छताकडं बघत होते.

"दहिवर लई पडलं," ते हळू म्हणाले.

मला रडू फुटलं. पण रडण्यानं त्यांना कमीपणा आला असता, म्हणून गिळलं. "व्हय, साहेब," मी म्हणाले, "वाळवून आणते." भाऊ मदतीला पुढं आला तर मी त्याच्यावर खेकसले, "तू बाहेर थांब," आणि दार लोटून घेतलं.

कोरडे कपडे घालून, चादर बदलून मी दार उघडलं. भाऊ गाडीची किल्ली हातात घेऊन उंबऱ्यात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, डोळे लाल झाले होते.

"कोण हाय?" अण्णांनी विचारलं.

"गाडीवाला हाय, अण्णा."

ते थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिले. आपला मुलगा म्हणून ओळखलं की नाही, देव जाणे. "गाडी परत पाठवा," ते म्हणाले. "पण त्याला म्हणावं, जेवून जा."

मी भाकरी थापल्या. भावानं अण्णांच्या खोलीतच खाली बसकर टाकून दोन भाकरी खाल्ल्या आणि रिकामी गाडी घेऊन पुण्याला गेला.

अण्णा पुढं चार महिने होते. मी रोज पहाटे पाचला उठून आधी दुलईखाली हात घालून बघायची, आणि ते छताकडं बघायचे. त्याबद्दल दहिवर सोडून दुसरा शब्द आमच्यात शेवटपर्यंत निघाला नाही.