पाच खळ्यांची सरासरी

धुई अशी दाट पडली होती की खळ्याच्या या कडेला उभ्या माणसाला पलीकडची कड दिसत नव्हती. मार्गशीर्षातली सकाळ. पेंढा दवानं भिजलेला, भात सर्द. सर्द भाताला माप लावलं की ते फुगून जास्त भरतं, म्हणून कोंडिबा मापाडी ऊन पडेपर्यंत राशीभोवतीचा भुसा केरसुणीनं लोटत होता.

पासली गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात सत्तावीस खळी. सात नदीकाठच्या खाचरांची, वीस डोंगरउतारावरच्या वाडीची. तीस वर्षं सगळ्यांची रास कोंडिबानंच मोजली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुणाचं कुठल्या साली किती पिकलं ते तोंडपाठ. पायलीच्या पहिल्या मापाला तो ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. मोजण्याचा क्रमही बापानं घालून दिलेला: आधी आनंदराव पाटलांची रास, मग देवाच्या जमिनीची, मग चौगुल्यांची. मानाच्या या तीन राशी, तिन्ही नदीकाठच्या; त्या झाल्याशिवाय त्यानं दुसऱ्याच्या भाताला कधी हात लावला नाही.

लढाईचं पाचवं साल चालू होतं. इंग्रज सरकार लेव्ही म्हणून सक्तीनं भात घेत होतं, आणि गावाचं एकरी किती पिकलं हे ठरवायला एक तरुण कारकून आला होता.

“कुठलीही पाच खळी दाखवा,” तो म्हणाला. “पाचांची सरासरी काढू. गावाला तोच आकडा.”

कोंडिबानं पायली खांद्यावर टाकली आणि सवयीनं पाटलांच्या खळ्याकडं निघाला. तिथं एकरी सोळा मण भरलं, देवाच्या जमिनीत पंधरा, चौगुल्यांकडं चौदा. मान झाला, मग वाडीची चढण. गेनूकडं पाच मण. कोंडिबाची विधवा बहीण सोजराबाई, तिच्या एकरातही पाचच. कारकुनानं गुडघ्यावर कागद ठेवून बेरीज केली. पंचावन्न. पाचांनी भागले, अकरा.

“एकरी अकरा. म्हणजे एकरामागं चार मण लेव्ही.”

कोंडिबानं मान हलवली. अकरातनं चार जातात, सात उरतात, हिशोब बरा वाटला. घरी भाकरी खाताना घास हातातच राहिला. अकरा मण झालंय कुणाला? नदीकाठी चौदा-सोळा, वाडीत पाच; नेमकं अकरा मण गावात एकाच्याही खळ्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाटलांच्या ओसरीवर कारकुनाला गाठलं. ओंजळभर खडे काढून एकेका खळ्याचं नाव घेत, कमी पिकाकडून जास्तीकडं, रांग लावली. सत्तावीस खडे.

“सायेब, तेरा ह्या अंगाला, तेरा त्या अंगाला. मदला बगा. चवदावा. त्यो वाडीतल्या भागूबाईचा, पाच मणाचा. गाव म्हंजी हे. अकरा न्हवं.”

कारकुनानं बोट ठेवून खडे मोजले. “बरोबर आहे तुमचं,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण कागद सकाळीच टपालात गेला. मामा, ही पाच खळी निवडली कुणी?”

“म्याच.”

“मग काल का नाही बोललात?”

“तुमी पाच म्हनला. म्या मानानं दावली.”

आनंदराव पाटील पानाला चुना लावत होते. “आरं कोंडिबा, कागद का वासरू हाय, दावं वडून माघारी आनायला? ऱ्हाऊ दे आता.” त्यांच्या सोळातनं चार जाऊन बारा उरणार होते.

आकडा दुरुस्त करा म्हणून कारकुनानं दुसरा कागद लिहिला. त्याचं उत्तर आलं नाही.

आठ दिवसांनी लेव्हीच्या गाड्या वाडीखाली लागल्या. माप कोंडिबाचंच. गेनू खळ्याच्या कडेला उकिडवा बसून बिडी ओढत होता.

“भर, मापाड्या, भर. पाटलाचा मान केलास, आता आमचाबी कर. शीग लावून, वर ढीग करून भर.”

कोंडिबानं पहिली पायली भरली, ‘लाभ’ म्हणाला.

सोजराबाईच्या खळ्यात चार मण मोजून झालं तेव्हा खाली मणभर राहिलं होतं. ती कणगीशी उभी होती.

“दादा, ह्ये बी म्हनून ठिवू का खाऊ? ठिवलं तर होळीपातूर नाचनीबी पुरायची न्हाई. खाल्लं तर खाचर पडीक.”

“बी ठिव.”

“आन् खायाला?”

“माज्याकडनं ने.”

“तुज्याकडं काय हाय रं? तुजंबी पाचच पिकलंय.”

कोंडिबानं पायली पालथी घातली. “म्याच त्या कारकुनाला आदी पाटलाकडं नेलं, सोजे,” एवढंच म्हणाला.

ती रागं भरली असती तर त्याला बरं वाटलं असतं. मग तिनं पदर खोचला. “आभाळ आलंय. पेंढा भिजला तर म्हशीचंबी हाल. वर चढतोस का? म्या खालनं भारे देते.”

कोंडिबा पेंढ्याच्या गंजीवर चढला. सोजराबाईनं पहिला भारा वर फेकला. त्यानं तो झेलून कडेला लावला, पायानं दाबला आणि पुढच्यासाठी हात खाली केले.