दारवाल्यांना विचारायला हवं

शालूवहिनी माझ्याकडे शेवटच्या आल्या त्या एका रविवारी सकाळी, हातात वही घेऊन. बसतील, चहा घेतील असं वाटलं, तर उभ्याउभ्याच म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मागच्या दाराच्या कडीचा आवाज मी गेमवाल्यांना दिला होता. आता तो मशीनला शिकायला द्यायचा की नाही, तेवढं सांगा." मी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "पुढच्या रविवारी सांगतो." शुक्रवारी दुपारी त्यांच्या शेजारच्या मिश्राजींचा फोन आला, "चाचाजी, जल्दी आ जाइए..." जेवून आडव्या झालेल्या वहिनी उठल्याच नव्हत्या. याला आता महिना उलटून गेला, आणि ते डोकं वर न काढणं मला अजून खातंय.

सवाल विचित्र वाटेल. मलाही वाटला होता, म्हणून पहिल्यापासून सांगतो. वहिनींनी झाशीत मुलींच्या शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवलं. दादा गेल्यावर छावणीपलीकडच्या घरात त्या एकट्या राहायच्या. मुलगा निखिल नोएडात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात एका मित्राबरोबर स्वतःचा गेम बनवतो. कंपनी नाही, काही नाही, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर दोघांचा कारभार. त्यांच्या गेममधलं गाव आमच्या बुंदेलखंडातलं, पण नेटवर फुकट मिळणारे दारांचे आवाज सगळे परदेशी. दार उघडलं की भुताचा बंगलाच. शेवटी निखिलनं आईला फोन केला, "आई, अपने दरवाज़े की आवाज़ भेज दो ना." त्याला मराठी सगळी कळते, तोंडातून मात्र हिंदीच येते.

तिथून बाई जी सुटली! कडीचा आवाज एक नसतो, हे मला त्यांनी साठी उलटल्यावर शिकवलं. कडी उचलण्याचा वेगळा, सोडण्याचा वेगळा, लाकूड फुगल्यावरचा आणखी वेगळा. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून रेकॉर्डरला दादांचा जुना लोकरी मोजा घालायच्या आणि निघायच्या. मऊरानीपूरच्या बसचं दार, छावणीतल्या रस्त्यावर बुटांखाली चिरडणारी खडी, टहरौलीचा हातपंप, पितळी फुलपात्र फरशीवर पडून गोल फिरत थांबतं तो आवाज... सगळं एका वेबसाईटवर ठेवून दिलं. कुणीही घ्या, विकायच्या गेममध्ये वापरा, नाव लिहिलं तर बरं, नाही लिहिलंत तरी राग नाही. एकदा एका फाईलच्या शेवटी त्यांचाच आवाज राहून गेला, "अगं बाई, गॅस!" ती फाईल कुणीतरी भयपटासारख्या गेममध्ये तशीच घातली आणि कुठल्याशा देशातली पोरं हा कुठला शाप म्हणून वाद घालत बसली. वहिनी हसून हसून बेजार झाल्या, आणि मग फाईल दुरुस्त करून सगळ्यांची माफीही मागितली.

मी आपला चिडायचो. "फुकट वाटायला अन्नछत्र काढलंय का?" असं म्हटलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "आवाज नेला म्हणून तुमचं दार कुठे जातं का हो?" मी पुन्हा पेपर उघडायचो.

मग मागच्या वर्षी त्या वेबसाईटनं आवाज देणाऱ्या सगळ्यांना विचारलं, तुमचा साठा मशीनला शिकवायला वापरू का? म्हणजे मशीन हे आवाज ऐकणार आणि हवी तशी नवी दारं आपली आपण वाजवणार. झालं, गेमवाल्यांत जुंपली. कुणी म्हणे, फुकट दिलं ते दिलं, आता अटी कसल्या. कुणी रागानं आपला साठाच उचलून नेला. वहिनी शब्दकोश घेऊन ते सगळं वाचत बसायच्या. मला आयतीच संधी मिळाली. म्हटलं, "का हो, आता? आवाज नेला म्हणून दार कुठे जातं?" त्यांनी शब्दकोश मिटला. मग म्हणाल्या, "मी लोकांना खेळासाठी म्हणून विचारलं होतं, भाऊजी. हे नव्हतं विचारलं. दारवाल्यांना परत विचारायला हवं."

खरं सांगायचं तर मला तो खुळेपणा वाटला. त्या गेल्यावर निखिलही म्हणाला, "काका, हाँ-ना कुछ भी कर दो, किसको पता चलेगा?" वेबसाईटला उत्तर द्यायला थोडेच दिवस उरले होते, वहिनींची वही आणि पासवर्ड निखिलनं माझ्याकडेच दिलेले, तेव्हा एकदा 'हो' करून मोकळा होणारच होतो. त्याआधी वही उघडली. प्रत्येक आवाजासमोर घरमालकाचं नाव, त्यापुढे काहींचं हो, काहींचं नाही, काहींपुढे अजून कोरी जागा. माझ्या नावापुढे त्यांच्या मास्तरणीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'रविवारी सांगतील.' मी वही मिटली आणि भरपूर रडलो. दुसऱ्या दिवशी टहरौलीची बस धरली.

तिथल्या रामकली अम्मांच्या नावापुढे कोरंच होतं. अम्मा ऐंशीच्या घरातल्या. घर सापडलं, पण दार नव्हतं. लाकडी दार वाळवीनं खाल्लं म्हणून मुलानं लोखंडी फाटक बसवलेलं. वहिनी गेल्याचं सांगितलं तेव्हा अम्मा म्हणाल्या, "हाय राम, वे तो घंटा भर इते बैठी रहीं, किवाड़ खोलत-बंद करत." मशीनची गोष्ट मी दोनदा समजावली, दोन्ही वेळा त्यांनी नुसती मान हलवली. शेवटी म्हटलं, ऐकाच, आणि मोबाईलवर त्यांच्या दाराची फाईल लावली. कडी उचलली गेली, दार उंबऱ्यावर घासलं...

अम्मांनी झटकन पदर कपाळाखाली ओढला आणि भिंतीकडे सरकल्या.

फाईल संपली तरी तशाच होत्या. मग पदराआडून हसल्या, "ससुर जी ऐसई आउत ते." सासरे असेच घरात यायचे, म्हणे; त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. जरा वेळानं त्यांनी पदर मागे सारला आणि म्हणाल्या, "खेल में बजे तो बजन दो. पर जो हमाए ससुर जी को आबो है. मसीन ईखों काऊ और को न बनाबे."

हे सासऱ्यांचं येणं आहे, मशीननं ते दुसऱ्या कुणाचं करू नये. मी वहिनींच्या वहीत त्यांच्या नावापुढे 'नाही' लिहिलं. अम्मांनी मोबाईलकडे बोट दाखवलं आणि पदर पुन्हा नीट करून म्हणाल्या, "एक बेर और लगा दो, भैया."