खिडकीची जागा आणि कंट्रोलर

कंट्रोलरना हळू बोलताच येत नसे. नव्वदीच्या दशकात कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवरून ज्यांनी रोजचा प्रवास केला, त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. वीज गेली आणि माइक बंद पडला तरी फलाटावरच्या कुणाला ते कळायचं नाही, कारण कंट्रोलर केबिनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याच पट्टीत पुढची गाडी सांगायचे. आधी सरकारी मराठी : "नेसरीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागत आहे." मग कागद खाली ठेवून स्वतःची मराठी : "खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरू नका. रुमालाला तिकीट न्हाय. माणसानं चढायचं, मग बसायचं!"

मी बिद्रीची. कॉलेजसाठी रोज एस.टी.नं कोल्हापूरला यायची. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला माझं हॉलतिकीट गाडीतच राहिलं आणि ते मला कळलंही नाही. मी स्टँडच्या फाटकापर्यंत पोचले होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "बिद्रीच्या गाडीनं आलेल्या, हिरवी पिशवी असलेल्या ताई, परीक्षेला निघालाय का बाजाराला? तुमचं हॉलतिकीट हितं माझ्याजवळ हाय!" सगळा स्टँड माझ्या पिशवीकडं बघून हसला. मी लाजेनं लाल होऊन केबिनपाशी गेले. हॉलतिकीट देताना ते तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "रडू नको पोरी. वेळ हाय अजून. च्या घेतलास काय?"

नंतर माझं लग्न झालं, मी कोल्हापुरातच राहू लागले आणि राजारामपुरीत छोटा सायबर कॅफे सुरू केला. इंटरनेटचं तेव्हा नवल होतं. गिऱ्हाईक नसलं की मी एकटीच कॉम्प्युटरपुढं बसायची. बिद्रीच्या गाडीची, खिडकीतून येणाऱ्या गुऱ्हाळाच्या वासाची आठवण यायची. त्या नादात मी एक ई-मेल ग्रूप काढला आणि त्याला नाव दिलं 'खिडकीची जागा'. ज्याला प्रवासाची आवड आहे त्यानं लिहायचं, ते सगळ्यांना जायचं, आणि जुनी पत्रं त्या साइटवर साठून राहायची. बघता बघता सातशे माणसं जमली. कुणी आखातात, कुणी अमेरिकेत, कुणी पुण्यात. कुणी घाटांविषयी लिहायचं, कुणी स्टँडवरच्या भज्यांविषयी. निम्म्यांना तर नुसतं एवढंच लिहायचं असायचं, की आमच्या गावाला गाडी कशी जायची.

पेपरात आमच्याबद्दल चार ओळी छापून आल्या. त्यानंतर आठवड्याभरात, एका सकाळी, गळ्याला मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ कॅफेत आले. दिवस उन्हाळ्याचे होते. त्यांनी खिशातून छोटी वही काढली, तीत लिहिलं आणि माझ्यापुढं धरलं : "यष्टीवर लिवत्यात तो ग्रूप हितंच हाय का?" बोलता येत नसावं, असं समजून मी मान हलवली आणि त्यांना खुर्ची दिली. ग्रूपवर त्या दिवशी कुणीतरी नेसरीच्या गाडीचा मार्ग चुकीचा लिहिला होता. ते वाचून त्यांनी कपाळावर हात मारला आणि वहीत लिहिलं, "ह्याला कुणी सांगितलं? धा वर्षं ही गाडी मी सोडली हाय." मी वहीकडं बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मला एकदम ओळख पटली, हे तर कंट्रोलर. त्यांनीच मफलर थोडा खाली केला. गळ्याच्या मधोमध श्वासासाठी ठेवलेलं भोक होतं. कॅन्सरमध्ये स्वरयंत्र काढून टाकलं होतं. निवृत्तीला तीन वर्षं असतानाच. वहीत त्यांनी लिहिलं, "तंबाखू. दुसऱ्या कुणाचा दोष न्हाय." मग ते पान उलटून कोऱ्या पानावर, "कुठं दाबायचं ते सांग."

त्यानंतर सात वर्षं ते रोज आले. सकाळी अकराला यायचे, कोपऱ्यातल्या तीन नंबरच्या मशीनवर बसायचे आणि एका बोटानं टाइप करायचे. तेव्हा मराठी इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागे. कंट्रोलर ती सगळी मोठ्या अक्षरांत लिहीत. मी एकदा म्हटलं, "काका, बारकी अक्षरं पण असतात." त्यांनी वहीत लिहिलं, "बटणावर मोठीच छापल्यात. मग बारकी कशाला?"

अमेरिकेतल्या एका सभासदाला ते खटकलं. त्यानं लिहिलं, मोठ्या अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं समजतात, कृपया हे थांबवावं. तोवर कंट्रोलरनी आपल्या आजाराबद्दल ग्रूपवर अक्षरही लिहिलं नव्हतं. उत्तर लिहायला त्यांना अर्धा तास लागला. उत्तराची सुरुवात अशी होती : "पावणं, मी ओरडणाराच माणूस हाय. गळा गेला, सवय न्हाय गेली." पुढं त्यांनी काय झालं ते साध्या शब्दांत सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या अमेरिकेतल्या गृहस्थानं माफी मागितली. तीही सगळी मोठ्या अक्षरांत.

एस.टी.चं एवढं वेड कशापायी, असं कुणीतरी त्यांना विचारलं होतं. कंट्रोलर शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीतले. घर बौद्ध. वडील दुसऱ्याच्या भातशेतात राबायचे. कंट्रोलर शाळेत असताना वाडीच्या फाट्यापर्यंत पहिली गाडी आली. त्यांनी लिहिलं, "गावात पाणी प्यायचं झालं तरी आधी इचारायचे, कुणाचा रं तू? यष्टीत कंडक्टरनं इचारलं, कुठं जायाचं? एवढंच. तिकीट काढलं, पुढच्या सीटवर बसलो. कुणी उठवलं न्हाय. तवाच ठरवलं, नोकरी हितंच करायची." हे वाचून अनेकांनी अनेक गोष्टी लिहिल्या. कंट्रोलरनी त्यावर चर्चा केली नाही. त्यांनी लगेच कुणाला तरी गारगोटीच्या गाडीची वेळ सांगितली.

आखातात नर्स असलेली एक मुलगी ग्रूपवर होती. तिचं माहेर नेसरीचं. एके सकाळी तिनं लिहिलं, आई अत्यवस्थ आहे, गोव्यापर्यंतचं विमान मिळालंय, पुढं कसं जाऊ? त्या दिवशी कंट्रोलर जेवायला घरी गेले नाहीत. तिला त्यांनी पायरीपायरीनं लिहून दिलं : सावंतवाडीला ये, तिथून आंबोली घाटानं गडहिंग्लजची गाडी धर, उजव्या बाजूला बसू नको, ऊन लागतं. मग वहीत एक नंबर लिहून त्यांनी मला फोन लावायला लावला. गडहिंग्लज स्टँडवर त्यांचा जुना सहकारी होता. मी फोनवर बोलत होते आणि ते शेजारी उभे राहून भराभरा चिठ्ठ्या पुढं करत होते : "निळा ड्रेस. एकटीच हाय. नेसरीची गाडी तिच्यासाठी धा मिन्टं थांबीव म्हणावं." गाडी थांबली. मुलगी घरी पोचली तेव्हा आई जाऊन तासभर झाला होता, पण तिला उचललं नव्हतं. मुलीनं चार दिवसांनी लिहिलं, "तोंड बघायला मिळालं, काका." कंट्रोलरनी ते वाचलं आणि वहीत लिहिलं, "आंबोलीत गाडी धुक्यानं लेट झाली असणार. मी ते धरलंच न्हवतं." आठवडाभर ते कुणाला वेळ सांगायला धजले नाहीत.

हळूहळू ग्रूप ओसरत गेला. नव्या साइट निघाल्या होत्या, तिथं फोटो टाकता यायचे, क्षणात उत्तरं यायची. सातशे नावं तशीच होती, पण लिहिणारे वीस-पंचवीस उरले. मग ज्या कंपनीच्या साइटवर आमचा ग्रूप होता तिचं पत्र आलं : महिनाअखेर ही सेवा बंद होत आहे. मी ते छापून कंट्रोलरच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. वहीत लिहिलं, "कारण?"

"कारण काही नाही, काका. त्यांना परवडत नसेल."

"डेपो बंद करताना बी लोकास्नी इचारत्यात," त्यांनी लिहिलं.

निरोपासाठी एकदा सगळ्यांनी भेटावं, असं त्यांनीच सुचवलं. रविवारी सकाळी कोल्हापूर स्टँड, तिथून आंबा घाटापर्यंत जायचं आणि परत. चाळीस जणांनी येतो म्हणून कळवलं. कंट्रोलरनी सीट नंबरांची यादी केली. गाडी लागते कुणाला, पाय लांब कुणाचे, सगळं विचारून. आले नऊ जण. त्यांतले दोघे सारखे फोनवर होते. गाडी सुटेपर्यंत कंट्रोलर यादी हातात धरून स्टँडच्या फाटकाकडं बघत उभे होते. मी म्हटलं, "काका, चढा आता." त्यांनी यादीची घडी केली, खिशात ठेवली आणि ते दाराजवळच्या सीटवर बसले. आंब्यात आम्ही चहा घेतला. एकानं नव्या साइटवर सगळ्यांनी कसं जमायचं ते समजावून सांगितलं. कंट्रोलरनी लिहिलं, "तिथं थांबाच न्हाय. गाडी सारखी पळतीया. म्हातारा माणूस चढणार कुठं?" तो मनापासून हसला. कंट्रोलर हसले नाहीत.

शेवटच्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, "काका, तुमचं सगळं लिखाण उतरवून ठेवू का? वेळ लागेल, पण होईल." त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि वहीत लिहिलं, "नको. उतरलेल्या पावण्याचं तिकीट कुणी जपून ठेवत न्हाय." मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर ती हजारो पत्रं एकेक करून उतरवायची म्हणजे महिनाभर दुसरं काही सुचलं नसतं. घरी सासूबाई अंथरुणाला होत्या, कॅफेही चालेनासा झाला होता. ते नको म्हणाले तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी लांबलचक निरोप लिहिले. कंट्रोलरनी दुपारी लिहिलं, "शेवटचा थांबा आला. सगळे उतरा. सामान बघून घ्या. मागं काय ऱ्हायलं तर परत मिळणार न्हाय." ते पाठवून ते बसून राहिले. दर पाच मिनिटांनी पान नव्यानं उघडून बघायचे. साडेचारच्या सुमारास पान उघडलं नाही. त्यांनी आणखी दोनदा बटण दाबलं. मग उठून खुर्ची आत सरकवली, चपला घातल्या आणि मला हातानं 'येतो' अशी खूण केली.

त्यानंतर ते आले नाहीत. त्यांच्या घरी जाऊन यावं, असं माझ्या मनात अनेकदा आलं. कॅफे मी बंद केला. त्या आवराआवरीत, मग सासूबाईंच्या आजारपणात दिवस गेले. आठ-नऊ महिन्यांनी भाजी मंडईत एक जुना कंडक्टर भेटला. म्हणाला, "कंट्रोलर गेले की. दोन महिनं झालं. परत गाठ उठलीती. तुमास्नी कळलं न्हाय व्हय?"

दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मी त्या घरात पाऊल ठेवलं ते पहिल्यांदाच. त्यांच्या पत्नी एकट्याच होत्या. मी नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "व्हय व्हय, कॉम्प्युटरवाल्या ताई. बसा." चहा झाला. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली कंट्रोलरांचा गणवेशातला फोटो होता. काकू त्याकडं न बघताच बोलू लागल्या.

"माझी शाळा चौथीपतोर. ते चिठ्ठी लिवायचे, मी एकेक अक्षर लावून वाचायची. मग त्यांनी लिवायचंच कमी केलं. च्या. औषध. दार लाव. दिसाला चार चिठ्ठ्या. तुमच्याकडनं आले की मातर तोंड उजळल्यालं असायचं. मी इचारायची, काय बोलला आज? ते हातानं म्हणायचे, लई." त्यांनी पदर सारखा केला. "मला काय राग न्हाय हो. पर सात वर्सं ह्यो माणूस तिकडं काय बोलला, ते मला एकदा वाचून दाखवा. तुमच्यापाशी असंल न्हवं?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. साइट बंद झाली, सगळं गेलं, मी काहीच ठेवलं नाही. काका नको म्हणाले होते, हे मी सांगितलं नाही. ते सांगून मीच सुटले असते. काकूंना नीट कळलं नसावं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "बरं. आठवतंय तेवढं सांगा."

मी सांगायला लागले. फणस घेऊन चढलेल्या म्हातारीची गोष्ट त्यांनी लिहिली होती, ती सांगितली. राधानगरीच्या गाडीत बाळंत झालेल्या बाईची सांगितली. काकूंना एका जत्रेला पहिल्यांदा गाडीनं नेलं, तेव्हा त्या सगळ्या वाटेत पुढचा दांडा घट्ट धरून बसल्या होत्या, तेही त्यांनी एकदा लिहिलं होतं. ते ऐकताना काकू हसल्या आणि पदर तोंडाला लावला. आणखी दोन-तीन गोष्टी मी अर्ध्यामुर्ध्या सांगितल्या. एकीचा शेवटच मला आठवला नाही. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. मग मी थांबले.



"एवढंच?" काकूंनी विचारलं.

"मला एवढंच आठवतंय, काकू."