हिरोचा दहीभात

टीव्हीवर एक खेळ लागतो. मोठ्या बंगल्यात नट-नट्यांना कोंडतात, त्यांनाच रांधायला-झाडायला लावतात, मनसोक्त भांडू देतात आणि दर हप्त्याला एकाला बाहेर काढतात. आमच्याकडची शिकलेली मंडळी या खेळाला भिकार म्हणतात. मीही म्हणायचो. पण एका साली माझा कापूस त्या खेळामुळे घरी आला, म्हणून आता मी त्याला नावं ठेवत नाही. दुसऱ्यानं ठेवली तर उठून जातो.

माझी बायको गेली, त्याच्या नंतरचा तो पहिला हंगाम. मुलगा पुण्याकडे कंपनीत. संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि घरात मी एकटा. आदल्या साली बोंडअळीनं सगळ्यांचीच बोंडं पोखरली होती. या साली मात्र कपाशीची पऱ्हाटी अशी फुटली, की बांधावरून पाहताना डोळे दिपत. अडचण अशी, की बीटी बियाणं आल्यापासून साऱ्या गावाचा कापूस एकाच वेळी फुटतो आणि वेचणाऱ्या बाया तेवढ्याच. पूर्वी शेतकरी मजूर निवडायचा, आता मजूर शेतकरी निवडतो. त्यात माझं बोलणं पहिल्यापासून आडवं.

वेचणीच्या पहिल्या दिवशी बायांची टोळी शेतात आली. टोळीची म्होरकी माझ्या बायकोच्या वयाची, तिच्या बरोबरीनं वर्षानुवर्षं आमच्याच शेतात वेचलेली. कमरेला कापूस वेचायच्या फडक्याची ओटी बांधता बांधता तिनं विचारलं, "भाऊ, सीतादहीचं काय?"

आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात. शेतात एका झाडाखाली खडे मांडायचे, दहीभाताचा निवद दाखवायचा, थोडा रानात शिंपडायचा, पहिला कापूस तिथं वाहायचा आणि मग त्याच दहीभातानं बायांची तोंडं गोड करायची. हे सारं बायको करायची. मी तोवर आभाळ पाहत उभा राहायचो.

घरात दही लावणारं कोणी उरलं नाही, एवढंच सांगायचं होतं. जीभ वळली नाही. मी म्हणालो, "बियाणं पुडीतलं, खत पोत्यातलं, औषध डब्यातलं. याच्यात सीता कुठून आली? वेचा मुकाट्यानं."

म्होरकीनं ओटी सोडली, झटकली आणि घडी घालून काखेत मारली. "चाला वं बायाहो," एवढंच बोलली. साऱ्या तिच्या मागं निघाल्या. मी हाक मारली नाही. मी मारतच नाही हाक.

मग दुसऱ्या टोळ्यांकडे गेलो. कोणाचं पोर आजारी, कोणाच्या घरी पाहुणे. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. इकडे कापूस बोंडातून लोंबायला लागला, आणि सातपुड्याच्या अंगानं ढग वर यायला लागले. फुटलेल्या कापसावर पाणी पडलं की तो पिवळा पडतो, मग त्याला कोणी विचारत नाही. एक साल अळीनं नेलं होतं. हे साल मी सोताच्या तोंडानं घालवत होतो, असं शेजारी म्हणत. मी म्हणत होतो, ढगच ते, जातील.

त्यात एक नवीनच सुरू झालं. हापशीवर गेलो की पोरी हसायच्या, "हिरो आला वं, हिरो!"

शेजारी मुसलमान, गाद्या भरायचा धंदा, माझा लहानपणाचा दोस्त. त्याला विचारलं, "काऊन बे, मले हिरो काऊन म्हणून राह्यल्या या?"

तो रुई पिंजता पिंजता थांबला आणि पोट धरून हसला. "बाजाराच्या दिवशी दोपारी ये. सोताच पाह्य."

बाजाराच्या दिवशी मजुरांना सुट्टी. रात्री आमच्याकडे लाईट नसायची, म्हणून तो खेळ दुपारी परत लागायचा तेव्हा अर्ध्या गावच्या बाया त्याच्या घरी यायच्या आणि मग बाजाराला जायच्या. मी गेलो तर नव्या गाद्यांवर ही गर्दी. म्होरकी सगळ्यांत पुढं. मी मागं, दाराशी, न भरलेल्या खोळींच्या ढिगावर बसलो.

तेव्हा दिसला हिरो. एके काळी फिल्ममध्ये नाचणारा, आता केस काळे करून तरणा बनलेला म्हातारा. बाकीचे टेबलाभोवती बसून जेवत होते आणि हा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला. कोणी तरी त्याच्या चहाला काही बोललं होतं म्हणे. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या हातचं खाणार नाही, असं त्यानं ठरवलेलं.

"पाह्य, पाह्य, कसा फुगला! डबलरोटीच!"

"सोताले रांधता येत नाही अन् दुसऱ्याचं चालत नाही."

"आपल्या गावात बी हाये नं एक. सीता कुठून आली म्हणे!"

हशा पिकला. मी हललो नाही. शेजाऱ्याची बायको आतून चहा घेऊन आली, तिनं मला पाहिलं आणि ओठ दाबून पहिला कप मलाच दिला. मग एकेक मान वळली. मी उठलो असतो, पण उठलो तर पळालो असं झालं असतं. बसलो.

खेळात कोणी तरी विचारलं, या हप्त्यात कोण बाहेर जावं? एक पोरगी हळूच म्हणाली, "हाच जाते आता. कोनी नाही वाचवत याले."

तेव्हा म्होरकी बोलली. मागं वळून पाहिलं नाही, टीव्हीकडेच पाहत होती. "नका हसू वं. भूक लागली त्याले. ज्याच्या मागं जेव म्हणणारं माणूस राह्यलं नाही, तो असाच बसते भिंतीकडे तोंड करून. तोंडाचा वाईट हाये. खोटा नाही."

मी चहा संपवला, कप पालथा ठेवला आणि घरी आलो. त्या बाईचे उपकार मी कोणाकोणाला सांगितले नसतील, फक्त तिला सोडून. तिला सांगितलं असतं तर म्हणाली असती, मी त्या नटाचं बोलत होती.

संध्याकाळी वाटी घेऊन शेजाऱ्याकडे गेलो. त्याच्या बायकोला म्हटलं, "भाभी, विरजण पाह्यजे."

"कायले?"

"खायले."

"विरजण खाऊन राह्यले का आता?" ती हसली, पण वाटीत विरजण घातलं आणि दुधात बोट बुडवून किती कोमट पाहिजे ते सांगितलं. मला ते नीट जमलं नाही. सकाळी दही सैल, ताकासारखं. भात खालून लागलेला. बायकोच्या पितळी गंजात दोन्ही कालवलं आणि शेतात गेलो.

बायांची टोळी माझ्याच बांधावरून, धुऱ्यावरून, दुसऱ्याच्या शेतात जायची. मी त्यांची वाट पाहत नव्हतो. मी माझं काम करत होतो. झाडाखाली खडे मांडले, आणि तिथंच अडलो. तोंड कुठल्या दिशेला? आधी भात की आधी कापूस? इतकी वर्षं आभाळच पाहिलं होतं. मला वाटलं कापूस आधी, म्हणून मूठभर तोडून खड्यांवर ठेवला आणि वरून दहीभात ओतला.

"अरे देवा! असं नाही हो भाऊ!" धुऱ्यावरून म्होरकी ओरडली. डोक्यावरची शिदोरी तशीच, ती पऱ्हाटीतून तरातरा आली. "आधी जागा सारवा थोडी. पानी शिंपडा. उगवतीकडे तोंड करा. कापूस मांगून! सरका तिकडे."

मी सरकलो. तिनं सारं उचलून पहिल्यापासून मांडलं. बाकीच्या बाया धुऱ्यावर ताटकळल्या, मग एक उतरली, मग सगळ्या. दहीभात हातावर घेऊन एकीनं चाटला आणि तोंड वाकडं केलं.

"हिरोनं रांधलं वं! जयलेलं लागते."

"मिठाचा पत्ता नाही."

"मंग ठेव खाली," मी म्हणालो.

"ठेवतो कायले? निवद हाये."

गंज पुसून खाल्ला त्यांनी. म्होरकीनं शेवटचा घास माझ्या हातावर ठेवला. "जेवा," म्हणाली. मी जेवलो. ज्यांच्याकडे त्या निघाल्या होत्या, त्यांना म्होरकीनं निरोप धाडला की आज नाही जमत. मग तिनं काखेतली ओटी काढली, झटकली आणि कमरेला बांधली.

पाणी आलं, तेव्हा माझा कापूस पुढच्या खोलीत छताला टेकला होता आणि मी त्याला पाठ टेकून पाय पसरून बसलो होतो. म्होरकी दारात डोक्यावर पोतं घेऊन पावसाला थांबलेली. म्हणाली, "तो टीव्हीतला गेला कालच बाहेर. ऐकलं का?"

"मले काय त्याचं?"

"तुमी राह्यले म्हणून सांगतलं," असं म्हणाली आणि त्या पावसातच निघाली.

अजूनही दर साली विरजण मी शेजाऱ्याकडूनच आणतो. भात मात्र आता लागत नाही.