गोधडीतला पांढरा चौकोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही धड कळत नाही.

केजला आमचं छोटंसं काम आहे. जुन्या साड्या गोळा करायच्या, धुवून-वाळवून त्यांच्या गोधड्या, पिशव्या शिवायच्या. सुरू केलं दोघींनी, मी आणि लतानं. लता माझी शाळेपासूनची मैत्रीण. मी मराठ्यांची, ती बौद्ध. एका डब्यात जेवलो, त्यामुळे माझ्या मनात तसलं काही नाही, असं मी बेधडक सांगत असे. किती सोपं असतं ना, असं सांगणं?

सुरुवातीला कापडच मिळेना. तेव्हा लतानं पेटीतून तिच्या आईचं पांढरं लुगडं आणलं. आई ते फक्त जयंतीला नेसायची; ती गेल्यावर लतानं जिवापाड जपलेलं. "पेटीत ठिवून काय करू, सुमे? कुणाला ऊब तरी दील," म्हणाली. त्याचा चौकोन आम्ही मधोमध लावला. आमची पहिलीच गोधडी — इतकी देखणी झाली की दोघी नुसत्या बघत बसलो.

बाजारात ती एका पुढाऱ्याच्या बायकोला आवडली. लेकीच्या रुखवतासाठी तिला आणखीही हव्या होत्या. एवढं मोठं गिऱ्हाईक — हातचं गेलं तर? तिनं पांढऱ्या चौकोनावरून हात फिरवला, एकदा लताकडे बघितलं आणि मला विचारलं, "कुणाच्या घरचं कापड हाय हे?"

आमच्याकडे या प्रश्नाचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. कापड धुतलंय का, हे ती विचारत नव्हती. मी — क्षणभर थांबले तरी का? नाही. पटकन म्हणाले, "आमच्याच घरचं. आजेसासूचं लुगडं हाय."

लता माझ्या शेजारीच उभी होती. तिनं गोधडीची घडी घातली, पिशवीत भरली, बाईंच्या हातात दिली. तिचा चेहरा — नाही, मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही.

कुणी माझा गळा धरला नव्हता. फार तर एक गिऱ्हाईक गेलं असतं. एवढ्यासाठी मी मैत्रिणीची आई तिच्यादेखत नाकारली. याची मला लाज वाटते, अजूनही.

काम आता बरं चाललंय. लता रोज येते, मशीनवर बसते, हसते-बोलते, चहात आलं किसून टाकते. पण त्या दिवसानंतर तिनं स्वतःच्या घरचं कापड कधीच आणलं नाही. एक चिंधीसुद्धा नाही. का, ते मला ठाऊक आहे. मी तिला विचारत नाही.