जेलरसाहेबांची घंटा

ईशान, रेवा,

या आजीच्या गळ्यात अडकवायला तुम्ही मदतीचं बटण पाठवलंत. आभार मानायच्या आधी मी विचारलं, "दाबल्यावर पलीकडे कोण ऐकतं?" तुम्ही हसलात. तो प्रश्न माझा नाही. ज्यांचा आहे ते जेलरसाहेब तुम्हाला ठाऊक व्हावेत, म्हणून आज लिहिते आहे.

जेलरसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी बाथरूमची कडी आतून लावून बघत. "इथून हाक मारली तर ऐकू येते का?" मग चहा. आम्ही आखातात, बौशरला राहत होतो तेव्हा निवृत्तीनंतर ते शेजारच्या फ्लॅटमध्ये, मुलाकडे आले होते. बरक्याच्या समुद्रावर सहलीला गेलो की निघताना आमची हजेरी घेत.

"साहेब, पॅरोल तरी द्या," तुमचे आजोबा म्हणत.

"वर्तणूक बघून!"

एकच गोष्ट ते हसत सांगत नसत. त्यांच्या तुरुंगात दम्याचा एक कच्चा कैदी दार बडवत राहिला. पहारेकऱ्याला वाटलं, नाटक करतोय. "खटल्याआधीच सुटला, वहिनी," एवढंच म्हणत.

तिकडे मायदेशी तुरुंग सुधारण्याच्या कायद्याचा मसुदा निघाला, लोकांकडून सूचना मागवल्या. साहेबांनी कलम लिहिलं: प्रत्येक कोठडीत, आतून वाजवता येईल अशी घंटा. भाषा तपासायला माझ्याकडे आणलं. "इंग्रजी तुमचं, तुरुंग माझा."

कलम पाठवायच्या आदल्या दिवशी ते आमच्या लिफ्टमध्ये अडकले. घंटा दाबत राहिले. सगळ्या मजल्यांना वाटलं, मुलं खेळताहेत. वॉचमन कुणाचं तरी सामान वर पोचवायला गेला होता. परतल्यावर त्याने दार उघडलं आणि कौतुकाने म्हणाला, "साहब, घंटी तो एकदम बढ़िया बजती है!"

साहेब घामाने निथळत थेट माझ्याकडे आले. "वहिनी, कलमात चूक आहे."

मग एक वाक्य वाढलं: ती ऐकायला नेमलेला माणूस, जागेवर हजर.

कायदा झाला. साहेबांनी तो मोबाइलवर चष्मा पुसून पुसून वाचला. घंटा होती, माणूस नव्हता. नवीन पदं भरणं परवडणार नव्हतं म्हणे.

"घंटा मंजूर, कान नामंजूर," साहेब म्हणाले, आणि त्या दिवशी चहा न घेताच गेले.

पुढे ते गावी परतले आणि तिथेच वारले. तुमचं बटण मी काल दाबून पाहिलं. बराच वेळ संगीत वाजलं, मग एक मुलगी म्हणाली, "आजी, बोला." मी तिचं नाव विचारून घेतलं.

जेलरसाहेब नाहीत. त्यांचा प्रश्न आहे. दर रविवारी बटण दाबून मी तो विचारणार आहे.